दोरी मनगटाला होती

माझा धाकटा भाऊ तान्ह्या पोळ्याची जी हकिगत लग्नाकार्यात, पंगतीत आणि आता तर पुलगावच्या बाजारात भाजी निवडतानाही सांगत असतो, तिच्यात चार चुका आहेत. तो म्हणतो, मी माझ्या नातीला देवळासमोरच्या खांबाला बांधले. देवळासमोर खांबच नाही. जो होता तो सभामंडप वाढवला तेव्हाच काढला गेला. तो म्हणतो, ते गुराचे दावे होते. ती मोजणीची सुती दोरी होती, आणि दर मीटरला लाल गाठ असलेली तशी दोरी अख्ख्या नाचणगावात माझ्याखेरीज कोणाकडे नाही. तो म्हणतो, पोर रडत होती. ती रडत नव्हती. आणि तो म्हणतो, दोरीचे दुसरे टोक मी पायाखाली दाबून धरले होते. ते टोक माझ्याच मनगटाला होते. दोरी मनगटाला होती: तिच्या उजव्या, माझ्या डाव्या. हे मी भावाला तीनदा ऐकवले आहे.

"भाऊ, गोष्ट सांगताना माणूस थोडं इकडंतिकडं करतेच," तो म्हणतो. "तुमी काऊन एवढे तापता?"

मी तापतो, कारण चौतीस वर्षे मी भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होतो. दोन शेतांमधल्या बांधाला आमच्याकडे धुरा म्हणतात, आणि त्या धुऱ्यावर उभे राहून भांडणाऱ्या शेजाऱ्यांच्या मधून साखळी ओढणे हे माझे काम होते. दोघेही शपथेवर सांगत, दोघांचेही साक्षीदार तयार असत, आणि साखळी बहुधा दोघांनाही खोटे पाडी. कोणी कितीही आरडाओरडा केला तरी माझ्या नकाशावरची रेघ कधी हलली नाही. असा माणूस स्वतःबद्दलची चुकीची मोजणी ऐकून गप्प बसेल, ही अपेक्षा भावाने करू नये.

नात आमच्याकडे आली तेव्हा सहा वर्षांची होती. माझी मुलगी नागपूरच्या एका दवाखान्यात परिचारिका आहे. जावई वेगळे राहू लागले, हिच्या ड्यूटीच्या वेळा विचित्र, आणि नातीकडे पाहायला घरात दुसरे कोणी नाही. तेव्हा मीच म्हणालो, "ठेव आमच्याकडे. वर्षभरात सरळ करून देतो." माझी मुलगी आता सांगते की तिने माझ्या हातापाया पडून मला तयार केले. ते खरे नाही. मी आनंदाने आणि थोड्या गर्वाने ती जबाबदारी घेतली.

सरळ करण्यासारखी ती वाकडी नव्हती. ती थांबत नसे, एवढेच. दात घासायला बसली की पाच मिनिटांनी ती शेजारच्यांच्या गोठ्यात सापडे, ब्रश तोंडात, एका पायात चप्पल. "आबाजी, ऐका ना," असे म्हणून धावत येई आणि माझ्यापर्यंत पोचेपर्यंत सांगायचे ते विसरलेली असे. शाळेतून परतताना डब्याचे झाकण येई तर डबा येत नसे. वर्गात बाईंचा प्रश्न अर्धा असतानाच ती उत्तर ओरडून देई, आणि ते उत्तर दुसऱ्याच प्रश्नाचे असे. पण बोअरच्या मोटारीचा स्टार्टर उघडला की मिस्त्रीच्या शेजारी ती दोन तास हलत नसे, आणि म्हणूनच मला वाटे की हा सारा मनावर घेण्याचा प्रश्न आहे. माझी पत्नी पहिल्या महिन्यातच म्हणाली होती, "अहो, ती मुद्दाम नाई करत. तिले जमतच नाई." मी ऐकले नाही. मी भिंतीवर वेळापत्रक लावले, प्रत्येक चुकीसमोर लाल फुली मारली, आणि चार महिन्यांत तो कागद गोवर आलेल्या अंगासारखा दिसू लागला.

दुसऱ्या वर्षी माझी मुलगी रजा काढून आली आणि आम्ही नातीला वर्ध्याला एका डॉक्टरीणबाईंकडे नेले. त्यांनी तिच्याशी खेळल्यासारखे करत तास घालवला, आम्हाला पानभर प्रश्न विचारले, आणि कागदावर एडीएचडी अशी चार अक्षरे लिहिली. लक्ष टिकत नाही, हातपाय थांबत नाहीत, आणि हे तिच्या हातात नाही, असे त्यांनी सांगितले. मग माझ्याकडे वळल्या.

"आजोबा, शाळेत जाताना तुम्ही तिला काय सांगता?"

"दप्तर घे, डबा घे, बाटली घे, चप्पल नीट घाल, आजीच्या पाया पड, रस्त्याच्या कडेनं चाल आणि बाईंचं ऐक."

"ह्यातलं तिला कितपर्यंत ऐकू येतं?"

"सातही यायला पाहिजेत."

"एक सांगा," त्या म्हणाल्या. "जवळ जाऊन, खांद्यावर हात ठेवून. ते झालं की मग दुसरं."

मोजणीच्या दिवशी मी एका दमात वीस सूचना देत असे आणि माझी माणसे त्या पाळत. माझ्या मुलीच्या वयाच्या बाईने मला बोलायला शिकवावे, हे मला रुचले नाही. त्यांनी लिहून दिलेली गोळी मात्र सुरू झाली. नात थोडी शांत झाली, वही पूर्ण होऊ लागली, पण तिची भूक गेली. दुपारचा डबा जसाच्या तसा परत येई आणि पत्नी तो उघडून पाहत बसे.

माझी मुलगी सर्वांना सांगते की बाबांनी औषध बंद केले. मी औषध बंद केलेले नाही. उन्हाळ्यात गोळ्या संपल्या आणि मी नव्या आणल्या नाहीत. ती म्हणते, या दोन्ही गोष्टी एकच. तेव्हा मला तसे वाटत नव्हते, आणि डॉक्टरीणबाईंना एक फोन करून विचारावे असेही मला वाटले नाही. फोनवर मुलगी विचारी, "गोळी सुरू आहे ना?" आणि मी म्हणे, "सगळं ठीक आहे." हे वाक्य खोटे नाही, असे मी स्वतःला बरेच दिवस सांगत होतो.

जुलैमध्ये पुलगावच्या शाळेत मुख्याध्यापिकेने बोलावले. नात तिसरीत होती. तासाला ती पाच वेळा उठते, शेजारणीच्या वहीत लिहिते, खिडकीतून दप्तर खाली टाकून मागोमाग स्वतः उतरते. "माझ्या वर्गात चाळीस लेकरं आहेत, आजोबा. हिला धरून बसू की त्यांना शिकवू? पहिलं सत्र संपेपर्यंत पाहते. नाही जमलं, तर तुम्हीच दुसरी सोय पाहा." मुलीला फोनवर सांगितले. ती म्हणाली, "मग निवासी शाळेत टाकते, बाबा. इकडे एक आहे. चांगलं सांभाळतात म्हणे."

त्या 'म्हणे'ने माझी झोप उडाली. आठ वर्षांची, एका पायात चप्पल घालणारी पोर अनोळखी माणसांच्या रांगेत, अनोळखी पंगतीत, रात्री अनोळखी खाटेवर. दिवाळीपर्यंत ती एका जागी बसायला शिकली नाही, तर ती आमच्या घरातून जाणार होती. त्यानंतर मी जे जे केले ते या एका गोष्टीसाठी केले. ही सबब म्हणून सांगत नाही. क्रम म्हणून सांगतो.

प्रथम मी माझ्या विद्येप्रमाणे वागलो. ओसरीवर खडूने चार फूट बाय तीन फुटांचा आयत आखला, कर्ण मोजून काटकोन तपासले, आणि तिला म्हणालो, "गृहपाठ होईपर्यंत ही तुझी हद्द. बाहेर पाय नाही." पहिल्या दिवशी ती वीस मिनिटे आत राहिली आणि मला वाटले की जिंकलो. दुसऱ्या दिवशी पंचवीस. पाचव्या दिवशी माझ्या ध्यानात आले की आयत दाराजवळ पोचला आहे. ती बसल्या बसल्या टाचेने रेघ पुसायची आणि फ्रॉकच्या खिशातल्या खडूने वीतभर पुढे नवी ओढायची. हद्द तिने एकदाही ओलांडली नव्हती. भाऊ तेव्हा चहाला आला होता. त्याने मांडीवर थाप मारली.

"आता बोला, भाऊ! उभ्या तालुक्याचे धुरे मोजले तुमी, अन् पोरीनं तुमच्याच ओसरीत अतिक्रमण केलं! मोजणीचा अर्ज देऊ का?"

पत्नी हसली, नातही हसली. मी हसलो नाही, असे भाऊ सांगतो. मी हसलो होतो. पण दिवाळी जवळ येत होती.

मग पत्नीने केळझरच्या गणपतीला नवस बोलला आणि आम्ही तिघे तिकडे गेलो. टेकडीवर, दर्शनाच्या रांगेत, माझ्या बोटाला धरलेला हात सुटला. मी मागे पाहिले तर ती नव्हती. अर्धा तास. पायऱ्या, प्रसादाची दुकाने, गाड्या उभ्या करण्याची जागा, झाडीकडे उतरणारी वाट. पत्नी एका पायरीवर बसून केवळ तिचे नाव घेत होती, हाक मारण्याइतकाही आवाज तिच्यात उरला नव्हता. मी ज्या ज्या माणसाला थांबवून विचारले त्यांतल्या एकाचाही चेहरा मला आठवत नाही. शेवटी ती पाय धुण्याच्या नळांपाशी सापडली. एकेक नळ उघडून बंद करीत होती. मी दंडाला धरून ओढले तेव्हा ती म्हणाली, "आबाजी, सहाव्या नळाले पाणीच नाई येत." आम्ही तिला शोधत होतो हे तिला ठाऊकच नव्हते.

ऑगस्टच्या घटक चाचणीत तिला गणितात वीसपैकी सोळा गुण मिळाले. त्याआधी चार होते. मुख्याध्यापिकेने वही माझ्यासमोर धरली आणि विचारले, "काय केलंत हो, आजोबा?"

"सराव करून घेतला," मी म्हणालो.

आता तान्हा पोळा. मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुले चाकांवरचे लाकडी बैल सजवून देवळासमोर रांगेत उभी राहतात, पंच बैल पाहतात, मग मुले घरोघर खाऊ-पैशांचा बोजारा मागत फिरतात. नातीचा बैल मी सुताराकडून करून घेतला होता. एक शिंग तिने निळे रंगवले होते, दुसरे रंगवायचे राहून गेले होते. मुलगी दोन दिवसांच्या रजेवर आली होती आणि माझ्यामागे उभी होती. गर्दी, ढोल, भोंगा, पलीकडे रस्त्यावर ट्रॅक्टर. मला केळझरचा तो अर्धा तास आठवत होता. मी खिशातून मोजणीची दोरी काढली आणि नातीसमोर वाकलो.

माझ्या भावाने यानंतर जे पाहिले ते तो सांगतो: मी दोरी बांधली, तो ओरडला, "वा भाऊ, बैल राह्यला बाजूले अन् पोरीलेच वेसण घातली!" आणि लोक हसले. हे खरे आहे. पण त्याआधी एक गोष्ट घडली, जी त्याला दिसली नाही.

मी वाकलो तेव्हा नातीने डावा पाय पुढे केला.

ती भोंग्याकडे पाहत होती. माझ्याकडे तिचे लक्षही नव्हते. आपण शिंप्याकडे गेल्यावर हात जसे आपोआप वर होतात, तसा तिचा पाय आला आणि थांबला. मी घाईने तिचा उजवा हात ओढून घेतला आणि दोरी मनगटाला बांधली. पंच येईपर्यंत ती अगदी स्थिर उभी होती. पाठीमागे माझी मुलगीही तशीच उभी होती.

संध्याकाळी स्वयंपाकघरात तिने विचारले, "बाबा, तिनं पाय काऊन पुढे केला?"

"कधी?"

"बाबा."

"खेळ असेल काही. आम्ही बैल बैल खेळतो."

नात उंबऱ्यावर बसून पोळीच्या कडा आधी खात होती. पाय हलत होते, एक हात परकराच्या काठाशी चाळा करीत होता. "हो," ती म्हणाली. "आबाजी आन मी बैल बैल खेळतो." आणि तिचे हातपाय थांबले. सांगितलेले एक काम जिला ओसरीतून स्वयंपाकघरापर्यंत आठवत नसे, तिने एक गोष्ट अकरा दिवस कोणाला सांगितली नव्हती, आणि आता माझे खोटे ती माझ्यासाठी उचलून धरीत होती.

मुलगी दुसऱ्या दिवशी तिला घेऊन नागपूरला गेली. म्हणाली, डॉक्टरांना पुन्हा दाखवायचे आहे, चार दिवसांनी आणते. चार दिवसांचे पंधरा झाले. मग ती एकटीच आली. "तिथल्या डॉक्टरांना सगळं पाहिजे. घरी काय काय करून पाहिलं, ते. तुमी लिहून द्या. तुमचं अक्षर चांगलं आहे."

मी चार पाने लिहिली. वेळापत्रक, लाल फुल्या, गोळ्या आणि त्या कशा संपल्या, खडूचा आयत मापांसहित, केळझर, तान्हा पोळा. गोळ्यांबद्दल मी काही लपवले नाही. मुलीने चारही पाने माझ्यासमोर वाचली, व्यवस्थित घडी घातली, आणि परत माझ्या हातात दिली.

"एक पान कमी आहे, बाबा."

"सगळं आहे."

"मी उद्या सकाळच्या गाडीनं जाते," ती म्हणाली आणि आईला मदत करायला आत गेली.

ते पान असे. घटक चाचणीच्या आधीच्या आठवड्यात, तीन दुपारी, पत्नी भजनी मंडळात गेली असताना मी नातीचा डावा पाय टेबलाच्या पायाला मोजणीच्या दोरीने बांधला. गाठ सैल होती, असे मी आधी लिहिले. मग ते वाक्य खोडले, कारण गाठ किती सैल आहे हे बांधणाऱ्याने सांगण्याची गोष्ट नव्हे. पहिल्या दुपारी ती हसली, तिला गंमत वाटली. मग उठायला गेली, दोरी ताणली, आणि तिने माझ्याकडे पाहिले. मी वर्तमानपत्र धरून बसलो होतो. दुसऱ्या दुपारी ती म्हणाली, "आबाजी, मी बसतो ना. खरंच बसतो." मी बांधले. ती रडली, आणि रडता रडता तिने बारा उदाहरणे सोडवली, त्यांतली दहा बरोबर होती. तिसऱ्या दुपारी मी दोरी घेऊन वाकलो आणि तिने आपणहून पाय पुढे केला. मला तेव्हा आनंद झाला. हे एक वाक्य लिहायला मला सबंध संध्याकाळ लागली. मला वाटले, शिस्त आली. मला वाटले, आता ती जाणार नाही.

ते पान मी प्रथम पत्नीला वाचून दाखवले. ती एवढेच म्हणाली, "तीनदा?" आणि वाळत घातलेले कपडे काढायला बाहेर गेली. ते अजून ओलेच होते.

सकाळी पुलगावच्या फलाटावर मी पान मुलीला दिले. तिने उभ्यानेच वाचले. गाडी येताना दिसत होती. मला वाटले होते ती भडकेल, आणि भडकली असती तर मला उत्तर देता आले असते. माझ्याजवळ शाळा होती, दिवाळी होती, निवासी शाळेचे ते 'म्हणे' होते. ती भडकली नाही.

"ती इथं राहायला येणार नाही आता," ती म्हणाली. "निवासी शाळेतही टाकत नाही. ड्यूटी बदलून मागितली आहे मी, करीन काहीतरी. तुमी येत जा भेटायले."

मोजणीच्या निकालावर अपील न करणारा पक्षकार मी उभ्या नोकरीत पाहिला नव्हता. मी अपील केले नाही. तिला डब्यात चढवून दिले आणि गाडी सुटेपर्यंत खिडकीपाशी उभा राहिलो.

आता मी दर रविवारी नागपूरला जातो. गोळी पुन्हा सुरू आहे; भूक जाते म्हणून सकाळी गोळीच्या आधी पोटभर खाऊ घालायचे आणि रात्री पुन्हा, ही साधी तोड तिथल्या डॉक्टरांनी सांगितली, आणि वर्ध्याला विचारले असते तर तेव्हाही कोणी सांगितली असती. मी एका वेळी एकच गोष्ट सांगतो, खांद्यावर हात ठेवून. तीन उदाहरणे झाली की ती उठते, गॅलरीत दोन फेऱ्या मारते, परत येते. कधी परत येत नाही, मग मी जातो. नव्या शाळेतूनही एकदा चिठ्ठी आली आहे. तिच्या आईच्या डोळ्यांखाली काळे झाले आहे. सगळे सुरळीत झाले, असे माझा भाऊ आता हकिगतीच्या शेवटी सांगू लागला आहे. ही पाचवी चूक.

गेल्या रविवारी आम्ही टेबलाशी बसलो होतो. ती सातचा पाढा मोठ्याने म्हणत होती आणि खोडरबर टेबलावर उडवत होती. तो खाली पडला, घरंगळत आत गेला. मी खुर्ची सरकवली आणि वाकलो. माझा हात खोडरबरापर्यंत पोचण्याआधीच तिचा डावा पाय पुढे आला आणि टेबलाच्या पायाला लागून थांबला. वर पाढा चालूच होता, सात पंचे पस्तीस, सात सक बेचाळीस. पायाकडे तिचे लक्ष नव्हते.

"सापडलं का, आबाजी?" तिने वरून विचारले.

सापडला, म्हणालो, पण मला उठता येईना.